कुंदानं वर केलेला पाय

हे मी कोणालेच सांगितलं नाई. बायकोले नाई, भावाले नाई. आज तुमाले सांगून राहिलो — कावून, ते नका विचारू.

माझा डावा पाय लहानपणीच पोलिओत गेला. कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दोनमध्ये क्वार्टर, ऑफिसात क्लर्की. आमची अपंगांची एक छोटी संघटना होती, पंधरा-सोळा जणांची, अन् मी तिचा सेक्रेटरी. लय मिजास होती बाप्पा मले त्या पदाची! कुंदा वसाहतीजवळच्या रुआबांधा वस्तीतली. धान मळायच्या थ्रेशरमध्ये तिचे दोन्ही हात खांद्यापासून गेलेले. पेन पायाच्या बोटांत धरून लिहायची. आमच्या सभेच्या हॉलले पायऱ्यांशेजारी उतार पायजे, हा संघटनेचा पहिला अर्ज तिनंच लिहिला होता. माझ्यापेक्षा सुरेख अक्षर! मी खाली फक्त सही केली.

मग एक देणगीदार भेटले. हातानं चालवायच्या तीनचाकी सायकली देतो म्हणाले. पण आम्ही गळ्यात नावाच्या पाट्या घालून स्टेजवर बसायचं, अन् तसा ठराव एकमतानं करून पाठवायचा.

कुंदा बैठकीत उठली. "गळ्यात पाट्या? आपण का बाजारातले बैल हाओत, भाऊ? सायकली देयाच्या तर घरी द्या. माझा विरोध लिहून घ्या."

खरं सांगू? मले सायकल पायजे होती. कुबडीनं काखेत घट्टे पडले होते. पण त्याहून जास्त — सेक्रेटरी मी, अन् ही मले चारचौघांत आडवी जाते? आतापर्यंत आम्ही एकेकाले तोंडीच विचारत होतो, हो का नाई. त्या दिवशी मी काय म्हटलं असेल? — "विरोधात असतील त्यांनी हात वर करा."

हात. तिले!

कसं सुचलं हो मले? आजही अंगावर काटा येते. कुंदानं माझ्याकडं पाह्यलं. मग चप्पल काढली, खुर्चीत बसून मागं रेलली अन् उजवा पाय सरळ वर केला.

मले समजलं नाई असं नाई. तो पाय म्हणजे तिचा हात, हे माझ्याहून जास्त कोणाले ठाऊक होतं? तरी मीच ओरडलो, "सभेले पाय दाखवते? लाज नाई वाटत?" अन् काय सांगू — सगळे पेटले. कोणाले पाय लागला तर नमस्कार करणारी माणसं आम्ही! आंधळ्या गणपतरावाले शेजाऱ्यानं कानात सांगितलं, तर तेही "माफी माग, माफी माग" करू लागले. आपलीच माणसं, हो. तिचं मत राहिलं बाजूले.

तिनं माफी मागितली नाई. पायात चप्पल सरकवली अन् निघून गेली. मी रजिस्टरात लिहिलं — ठराव एकमताने मंजूर. सभेचा अपमान केला म्हणून तिचं नावही कापलं.

पाटी घालून मी स्टेजवर बसलो. सायकल भेटली.

पुढं एकदा रुआबांध्यातून चाललो होतो. कुंदा अंगणात पोरांची शिकवणी घेऊन राहिली होती, पायात खडू धरून फरशीवर अक्षरं काढत. तिनं मले पाह्यलं. खडू ठेवला अन् पाय वर केला — ओळखीच्या माणसाले लांबून हात करतात ना, तसा.

मी मान खाली घातली अन् दोन्ही हातांनी सायकल जोरात दामटली.