पंच म्हणून माझी सही

छापखान्यात माझी तीस वर्षं छापील कागदांतल्या चुका काढण्यात गेली. टिंब इकडचं तिकडे झालं तरी माझ्या नजरेतून सुटायचं नाही. आणि ती एक सही मात्र मी न वाचता ठोकली. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!

नाशिक रोडला आमच्या शेजारच्या खोलीत मोबाइल दुरुस्त करणारा एक तरुण भाड्याने राहायचा. त्याची आई सायखेड्याला. एका दुपारी पोलिस त्याला बेड्या घालून खोलीवर घेऊन आले. झडतीला दोन पंच हवेत, म्हणून मला आणि कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला बोलावलं. टेबलावर उघडे फोन, स्क्रू ड्रायव्हर, वायरी. बाकी काही नव्हतं. "करा सही, काका," साहेब म्हणाले. आपल्याकडे पंचनामा वाचतं कोण? ते चहा पाजतात, आपण सही करतो. तो पोरगा माझ्याकडे बघत होता. मी चष्मा पुसत बसलो.

खोलीला सील लागलं. आत गजराचं घड्याळ तसंच राहिलं. रोज पहाटे पाचला आणि संध्याकाळी पाचला रिकाम्या खोलीत गजर वाजायचा. बंद कोण करणार? काही आठवड्यांनी सेल संपला, तर त्या शांततेचीच मला जास्त भीती वाटली.

वर्षभराने त्याच्या वकिलाने पंचनाम्याची प्रत दाखवली. त्यात, टेबलावर रेल्वे स्टेशनचा हाताने काढलेला नकाशा सापडला, असं लिहिलेलं. खाली माझी सही. "खटला उभा राहिला की कोर्टात खरं सांगा," वकील म्हणाला. सांगतो की! छातीठोक सांगतो! पण खटला उभा राहील तर ना. दहशतवादाचं कलम, त्यामुळे जामीन नाही, नुसत्या तारखा. चार वर्षं तो आत आहे आणि मला समन्स काही येत नाही.

त्याची आई दर तारखेनंतर आमच्याकडे येते. मेथीची जुडी आणते, मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. दर वेळी एकच विचारते, "भाऊ, नकाशा नव्हता ना?"

हल्ली भलतंच होतंय. डोळे मिटून ती दुपार आठवली की फोनांच्या बाजूला घडी घातलेला एक कागद दिसतो. बापरे! तो तिथे नव्हता, मला पक्कं माहीत आहे. तरी दर वेळी तो थोडा जास्त उलगडलेला असतो. आता निळ्या शाईच्या रेघाही दिसायला लागल्यात.

परवा ती आली. म्हणाली, "पोरगं म्हनतं, मानसं बदलून जातात. मी म्हनलं, भाऊ नाय बदलनार. नव्हता ना हो नकाशा?"

"नव्हता," मी म्हणालो. पण म्हणायला वेळ लागला. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मग पिशवी उचलून चहा न घेताच निघून गेली.