९१२ केबीचा पाळणा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही — आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. ऐका फक्त.

आधी त्या बाईची ओळख करून देते. म्हणजे माझीच, निवृत्त व्हायच्या दिवशीची. गणिताची बाई. उत्तर बरोबर, पण पुढं एकक नाही, तर मार्क कापणार. ‘पंचवीस काय? पंचवीस म्हशी?’ — असं भर वर्गात विचारून पोरांना रडवायची. लई शहाणी! आज समोर आली तर मीच तिला बाकावर उभी करीन.

तर तिचा निरोप समारंभ. माझी धाकटी जाऊ शकू लासूर स्टेशनहून मुद्दाम आली होती. माझा फोन बिघडलेला, म्हणून शूटिंग तिच्या फोनवर. आणि त्याच फोनमधल्या दोन जीबीच्या कार्डावर — हे मला पक्कं ठाऊक होतं हं — आमच्या सासूबाईंचे पाळणे होते. घरात कुणाचंही बारसं असलं की त्या बाळाचं नाव गुंफून नवा पाळणा म्हणायच्या. त्या थकल्यावर शकूनं शेजारी बसून एकेक म्हणवून घेतला, साठवला. मग त्या गेल्या. आवाज तेवढा कार्डावर राहिला.

सगळ्यांची भाषणं झाली. आता माझं — आणि फोन म्हणाला, जागा नाही. शकूनं तो माझ्या हातात दिला. “अक्का, तुम्हीच बघा. मला काय कळतंय यातलं?”

मला तरी काय कळत होतं? पण तसं म्हणेल ती बाई कसली! यादी उघडली. माझ्या कौतुकाच्या व्हिडिओपुढं १.८. पाळण्यांपुढं ९१२, ८७०, ९४०... अगं बाई, जागा तर यांनीच खाल्लीय! आकड्यांमागची अक्षरं मी पाहिलीच नाहीत. केबी, जीबी — ती एककंच होती हो. एक गुंज, एक क्विंटल.

पण थांबा. एवढ्यावर सुटायचं नाही मला. आकडे वाचण्यात चूक झाली, नावं वाचण्यात नव्हती झाली. प्रत्येक पाळण्यापुढं बाळाचं नाव होतं. माझ्या मुलीचंसुद्धा. दोन्हींतलं एक जायला हवं होतं, आणि मला माझं कौतुक हवं होतं.

मी सगळे पाळणे पुसले.

फोन पुन्हा म्हणाला, जागा नाही. कशी असेल? सगळे मिळून मिनिटभराच्या व्हिडिओएवढेही नव्हते.

लासूरला पोचल्यावर शकूचा फोन. रडत होती. “अक्का, आत्याबाईंचे पाळणे दिसंनात वो!” तेव्हा तरी बोलायचं की नाही? मी विचारलं, “कार्ड काढून परत बसवलंस का तू?”

“व्हय, पुसायला काढलं व्हतं.”

“मग तेव्हाच गेले असतील.”

तिनं मान्य केलं. गणिताच्या बाई सांगतात, म्हणजे तसंच असणार.

पुढं कधीतरी नातीनं माझा फोन साफ करताना समजावलं — हजारभर केबींचा एक एमबी, हजारभर एमबींचा एक जीबी. मी म्हटलं, “माहितेय गं मला.” आणि मोरीत जाऊन नळ सोडून बसले.

गेल्या महिन्यात त्याच नातीच्या लेकीचं बारसं झालं. शकू पाळण्याशी उभी राहिली, आठवेल तसं म्हणू लागली, दुसऱ्याच कडव्यात अडली. बायकांकडं वळून हसली. “लई व्हते बाई आमच्याकडं. माझ्याच हातानं गेले.” प्रत्येक बारशाला म्हणते. मी दोरी धरून उभी होते. तोंड उघडलं — आणि सगळ्यांबरोबर ‘जो बाळा जो’ म्हणाले.

तो समारंभाचा व्हिडिओ शकूकडून मागून घेतलेला, माझ्याकडं अजून आहे. फोन भरला की सर्वांत मोठी फाइल म्हणून तोच आधी दाखवतो, काढू का विचारतो. मी ‘नको’ दाबते. त्यात एक माजी विद्यार्थी सांगतोय, बाईंनी आम्हाला एकक कधी विसरू दिलं नाही. हॉल हसतो. फोन शकूच्या हातात, म्हणून सगळ्यांत जवळून तिचंच हसू ऐकू येतं.