चारशेवीसवाल्या आत्या

गाडीच्या नंबराकडं बघून कुणी हसलं की आत्या काच खाली करायच्या, हात बाहेर काढून दाराच्या पत्र्यावर दोनदा थापटायच्या आणि म्हणायच्या, "नंबर गाडीला हाय, मला न्हाई." मग काच वर. समोरचा माणूस हसू आवरतोय तोवर त्यांची व्हॅन डबे वाजवत पुढं गेलेली असायची.

त्या व्हॅनचा नंबर होता ४२०. आणि तो त्यांना देणारा कारकून मी.

लातूरच्या आरटीओत नव्या गाड्यांच्या नोंदणीच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली. तुमच्यापैकी ज्यांनी गाडी घेतली आहे, त्यांना हे सांगायला नको. ब्रेक कसे आहेत, टायर कोणते आहेत, ही चौकशी माणूस पाच मिनिटांत उरकतो. नंबराची बेरीज करायला मात्र घरातली चार माणसं वही घेऊन बसतात. बेरीज आठ आली तर शनी, चार आली तर राहू. भूकंपानंतर आमच्याकडं हे प्रकरण जास्तच वाढलं. पायाखालच्या जमिनीचा भरवसा उरला नाही म्हटल्यावर लोक निदान आकडे तरी सांभाळायला लागले. मी काही वेगळा नव्हतो. माझ्या स्कूटरचा नंबर ५४३६, बेरीज नऊ. त्या नऊसाठी नवी स्कूटर मी दोन महिने दुकानातच ठेवली होती. पुढं तिला सुरू करायला रोज पंधरा वेळा किक मारावी लागायची, तो भाग वेगळा.

तेव्हा नंबर ओळीनं निघायचे. नव्या मालिकेत ४१९ देऊन झाला की माझ्या टेबलासमोरची रांग बघता बघता पांगायची. एजंट चहाला जायचे, गाड्यांच्या मालकांना एकाएकी घरची कामं आठवायची. आता जो फाइल पुढं करेल त्याच्या गळ्यात चारशेवीस पडणार, हे सगळ्यांना ठाऊक असायचं. खरं तर चार, दोन आणि शून्य यांची बेरीज सहा येते, आणि सहा चांगला समजतात. पण इथं बेरीज करायला कुणी थांबतच नसे. कुणी तरी बेसावध माणूस येईपर्यंत मी रिकामा बसून राहायचो.

अशा एका रिकाम्या सकाळी एक बाई टेबलाशी आल्या. उंच, काटक, पदर कमरेला खोचलेला, बोटांना हळदीचे पक्के डाग.

"साहेब, हितं रांग न्हाई का?"

"आज नाही."

"लई बरं झालं. मला अकराच्या आत डबे पोचवायचेत."

मी फाइल बघितली. घरगुती वापराची व्हॅन नव्हती, डब्यांच्या धंद्यासाठी घेतलेली होती. चालक म्हणून लायसन त्यांचंच. मला दया आली. म्हटलं, "बाई, उद्या या. आज चारशेवीस निघतोय."

"मग?"

"लोक हसतील."

"कुणालाच नको हाय का त्यो?"

"कुणालाच नको."

त्यांनी जरा विचार केला. "मग मलाच द्या. नको असलेली वस्तू कुणी चोरत न्हाई."

त्या बाहेर पडल्या आणि दोन मिनिटांत रांग पुन्हा दारापर्यंत गेली. अंगणात एजंट मंडळी त्यांना वाकून नमस्कार करत होती.

कचेरीसमोर लिंबाखाली नंबर रंगवणारा एक पेंटर बसायचा. त्यालाही त्यांची कीव आली. तो म्हणाला, "अक्का, चार जरा बारीक काढतो. लांबून निस्ता वीस दिसल."

"बारीक कशाला? पोरान्ला लांबूनच कळलं पायजे की डबा आला म्हणून. चांगला परातीएवढा काढ."

आकड्याची उंची सरकारनं ठरवून दिलेली असते, परातीएवढा आकडा चालत नाही, हे समजावून सांगायला शेवटी मला टेबल सोडून लिंबाखाली जावं लागलं.

ते दिवस क्लासच्या भरभराटीचे होते. उदगीर, देगलूर, कंधार, कुठून कुठून पोरं पत्र्याच्या पेट्या घेऊन बारावीत मार्क पाडायला लातुरात उतरायची. एकेका खोलीत चौघं राहायचे आणि चौघांनाही घरचं जेवण आठवायचं. त्यांना डबा द्यायच्या आत्या. "चारशेवीस आली रे" अशी गल्लीत हाक गेली की पुस्तकं मिटायची. एकदा कंधारकडचे एक गृहस्थ मुलाला सोडायला आले होते. त्यांनी नंबर वाचला आणि असल्या गाडीतलं अन्न माझ्या मुलाला नको म्हणून अडून बसले. आत्यांनी एक डबा उघडून त्यांच्यापुढं धरला.

"खाऊन बगा. फसवलं असंल तर नंबर खरा."

गृहस्थ खाटेवर बसून जेवले. वरण दोनदा मागून घेतलं आणि जाताना मुलाचा डबा वर्षभरासाठी लावून गेले.

त्यांना सगळं गाव आत्या म्हणायचं ते त्यांच्या भाचीमुळं. ही भावाची मुलगी, त्यांच्याजवळच वाढलेली. शाळेतून आली की व्हॅनमध्ये डब्यांच्या मधोमध बसून अभ्यास करायची. ती 'आत्या' म्हणायची म्हणून डब्याची पोरं म्हणायला लागली, मग पेंटर, मग मीसुद्धा. त्या माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी लहानच असतील.

आत्यांचं गाव किल्लारीच्या बाजूचं. भूकंपात त्यांचं घर गेलं आणि घरात झोपलेली सगळी माणसं गेली. दीड वर्षाची भाची रडत होती, तिला गप्प करायला त्या तिला घेऊन अंगणात आल्या होत्या, म्हणून त्या दोघी राहिल्या. पुढं काही वर्षं पत्र्याच्या शेडात काढून त्या लातूरला आल्या. हे मला पेंटरकडून कळलं. स्वतः आत्या बोलायच्या त्या तूरडाळ, गॅसची टाकी आणि भाचीचे मार्क या तीनच विषयांवर.

आता आत्या नाहीत. त्यांची आठवण निघाली की लातुरातले लोक परातीएवढ्या आकड्याची गोष्ट सांगून हसतात, मीही हसतो. भाची नांदेडला शिकून डॉक्टर झाली, हेही आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला उगाच काळजी नको. मला सांगायची आहे ती तिच्या सीईटीची सकाळ. तिला डॉक्टर करणारी ती परीक्षा, आणि ती वर्षातून एकदाच व्हायची. त्या सकाळी मला आत्या पहिल्यांदा कळल्या.

मी स्कूटरवरून कचेरीला निघालो होतो. चौकात गर्दी दिसली. मधे आत्यांची व्हॅन उभी आणि तिच्यापुढं एक नवा हवालदार. व्हॅनच्या पुढच्या नंबरावर डबे झाकायचं पिवळट फडकं सुतळीनं बांधलेलं होतं. मागच्या नंबरावरही तसंच.

"काय लपवून राहिल्या बाई? नंबर कामून झाकला?" हवालदार विचारत होता. बोलण्यावरून माणूस माहूर-किनवटकडचा वाटत होता.

"मळलाय," आत्या म्हणाल्या.

"नंबर मळला तं पुसते माणूस. बांधून ठेवते का?"

त्यानं सुतळी ओढली. फडकं खाली आलं. आत लख्ख पुसलेला, ठसठशीत ४२०. हवालदार एक पाऊल मागं सरला.

"झाकलेला, अन् वरून चारशेवीस. घ्या गाडी बाजूला."

बघा, इतकी वर्षं उघड्या नंबरानं त्या गावभर फिरल्या, त्यांना एकाही पोलिसानं अडवलं नव्हतं. झाकला त्या दिवशी अडकल्या. आत भाची हॉल तिकीट हातात धरून बसलेली, आणि परीक्षेचं दार बंद व्हायला अर्धाच तास उरलेला. आत्यांनी नेहमीसारखं पत्र्यावर थापटून उत्तर द्यावं म्हणून मी वाट बघत होतो. त्या नुसत्या स्टिअरिंग धरून बसल्या होत्या.

मी पुढं झालो. "हवालदारसाहेब, हा नंबर मी दिलाय. मी आरटीओत आहे. गाडी खरी आहे आणि बाई गाडीपेक्षा खऱ्या आहेत."

"साहेब, आमचा डबा हाय त्यो," गर्दीतला एक मुलगा म्हणाला. "सोडा की. आत बसलेल्या ताईचा पेपर हाय."

हवालदारानं वाकून आत पाहिलं, हॉल तिकीट पाहिलं, आणि त्याचा चेहराच बदलला. "मंग आधी सांगाव ना बाई. जा लवकर."

आत्यांनी किल्ली फिरवली. व्हॅन एक गचका देऊन बंद पडली. पुन्हा फिरवली, पुन्हा बंद. गियर पडलेला ठेवूनच त्या किल्ली फिरवत होत्या. हवालदार मला म्हणाला, "तुम्ही घ्या ना चालवायला."

वीस वर्षं गाड्यांना नंबर देणाऱ्या माणसाला स्कूटरपलीकडं काही चालवता येत नाही, हे त्या दिवशी भर चौकात जाहीर झालं. हवालदारानं कपाळाला हात लावला, जोडीदाराला चौक सांभाळायला सांगितलं आणि स्वतःच व्हॅनच्या स्टिअरिंगवर बसला. चारशेवीसमध्ये पोलीस बघून गर्दी पोट धरून हसली. भाचीलाही हसू फुटलं.

आत्या मात्र गाडीत बसायला तयार होईनात. "तू हो पुढं," त्या तिला म्हणाल्या. "मी साहेबासंगं येते मागनं." हातात एक लहान डबा घेऊन त्या माझ्या स्कूटरवर बसल्या. स्कूटरला त्या दिवशी कुठून बुद्धी सुचली कोण जाणे, दुसऱ्याच किकला सुरू झाली.

वाटेत मी विचारलं, "आत्या, तुम्ही कधीपासून नंबराला भ्यायला लागलात?"

"नंबराला न्हाई ओ साहेब."

त्यांनी डबा मांडीवर नीट धरला. मग माझ्या पाठीशी बोलत राहिल्या.

"भूकंप झाला त्या साली गणपतीला भावाला मीच बोलावलं होतं. त्यो यायलाच तयार नव्हता, रानात काम हाय म्हणायचा. बायकूलेकरं घेऊन चार दिवस ऱ्हा म्हणून मीच हट्ट धरला. शेडातल्या बाया म्हणायच्या, हिचाच पाय पांढरा. मी म्हणलं, म्हणू द्या. माझं जायचं ते गेलं, आता मला कशाचं भ्याव? पर पोरीचं अजून यायचंय. रात्री वाटलं, नंबर तरी झाकून घ्यावा. नंबर झाकता येतोय. मला कसं झाकू?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि रस्ता नीट दिसावा म्हणून मी स्कूटर हळू केली.

आम्ही पोचलो तेव्हा भाची केंद्राच्या फाटकाशी उभी होती, शेजारी घड्याळ बघणारा हवालदार. आत्या स्कूटरवरून उतरल्या त्या तिथंच, रस्त्याच्या पलीकडं थांबल्या. हातातला डबा त्यांनी मला दिला.

"दही-साखर हाय. तुमच्या हातानं द्या पोरीला. तुम्ही लेकराबाळाचे हाव."

मी रस्ता ओलांडून गेलो, डबा उघडला, चमचा भरला. भाचीनं हात पुढं केला नाही. तिनं माझ्या खांद्यावरून पलीकडं पाहिलं.

"काका, तुम्ही राहू द्या," ती म्हणाली. मग मोठ्यानं, "आत्या, दही दे."

"घे की काकाकडनं. उशीर व्हायलाय."

"तू दे."

शिपाई फाटकाची एक बाजू ओढायला लागला होता. "चला, चला, आत व्हा," तो म्हणत होता. पोरगी तळहात पसरून उभी, जागची हलायला तयार नाही. हवालदारानं शिपायाच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला गावाकडच्या पाऊसपाण्याचं काही तरी विचारायला लागला.

आत्या रस्ता ओलांडून आल्या. माझ्या हातातून चमचा घेतला. पोरीकडं न बघताच चमचा उपडा केला; अर्धं दही तिच्या तळहातावर पडलं, अर्धं मनगटावर. तिनं तळहात चाटला, मनगटही चाटलं, वाकून आत्यांच्या पायांना हात लावला आणि पळत आत गेली. तिच्यामागं फाटक बंद झालं.

आत्या बंद फाटकाकडं बघत उभ्या होत्या. बऱ्याच वेळानं त्यांनी चमच्याला लागलेलं दही बोटानं पुसून तोंडात घातलं.

"साखर जरा जास्तच पडली बगा," त्या म्हणाल्या, आणि माझ्यादेखत पहिल्यांदाच रडल्या.