कादंबरीतला खुनी आणि हरवलेली सून

वरवट बकालच्या पलीकडच्या एका गावातली ती हरवलेली सून मी अजून विसरलेलो नाही, आणि तिच्यापायी ज्या पोरावर संशय आला तोही. मी तेव्हा तिथे ठाणेदार होतो. नावं कुणाचीच सांगणार नाही.

सून घरातून गेली ती मोबाईल तिथेच टाकून. नवऱ्याने मिसिंगची नोंद दिली. आम्ही वायरलेसवर वर्णन पाठवलं, शेगाव, खामगाव, बुलढाण्याच्या दवाखान्यांत नाव सांगून चौकशी केली. कुठेच पत्ता नाही. मग शिवारातल्या विहिरी पाहायला घेतल्या. प्रत्येक विहिरीत गळ सोडून तळ चाचपला.

अशात एक घरमालक ठाण्यात आला. कृषी केंद्रात कामाला असलेला परगावचा एक तरुण त्याच्याकडे भाड्याने राहत होता. त्याच्या उशीखाली एक कादंबरी सापडली होती, एकामागून एक बायकांचे खून करणाऱ्या माणसाची, आणि आत लाल पेनाने खुणा केलेल्या. शिवाय हाच पोरगा एसटीच्या थांब्यावर सुनेशी बोलताना दिसला होता. आम्ही त्याला ठाण्यात आणेपर्यंत मुखपृष्ठाचा फोटो गावभर फिरला. वर सुरी आणि रक्त असल्यावर पुस्तक उघडायची तसदी कोण घेतो? ठाण्यासमोर जमाव वाढत गेला. त्याले आमच्या हवाली करा, असा एकच घोष. माझ्याकडे शिपाई तुटपुंजे. मला घाम फुटला होता, खोटं कशाला बोलू.

पोरगा तेच तेच सांगत होता: तिने बुलढाण्याची गाडी गेली का विचारलं, मी नाही म्हणालो, बस. पण बुलढाण्याला तर त्या नावाची बाई नव्हती. हा काहीतरी लपवतोय, असं मला वाटायला लागलं. शेवटी पुस्तक त्याच्यापुढे टाकून विचारलं, यात एवढं काय आवडलं रे तुला?

"आवडलं नाही साहेब, राग आला," तो म्हणाला. "त्या मारणाऱ्याच्या लहानपणावर पानंच्या पानं लिवले. अन् मरणाऱ्या बाया नुसत्या पहिली, दुसरी, तिसरी. त्याइची माय त्याइले काय म्हणून हाक मारे, हे एकाही ओळीत नाही. म्हणून खुणा केल्या."

मी पानं चाळली. खुणा खरोखरच त्या पहिली, दुसरी, तिसरीपाशीच होत्या.

बाहेर ओट्यावर सुनेचा भाऊ बसला होता. त्याला एकट्याला आत घेतलं आणि विचारलं, तू बहिणीला काय म्हणतोस? त्याने वेगळंच नाव सांगितलं. सासरची माणसं शेजारी होती, म्हणून तोही आतापर्यंत तिचं लग्नात बदललेलं नावच घेत होता. माहेरचं नाव आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

बुलढाण्याच्या ठाण्यातल्या एका महिला शिपायाला फोन केला. तिने तिथल्या दवाखान्यातल्या बायकांच्या वॉर्डात जाऊन ते नाव पुकारलं, आणि कोपऱ्यातल्या खाटेवरची सलाईन लावलेली बाई उठून बसली. घरात भांडण होऊन निघाली होती, गाडीत तापाने बेशुद्ध पडली. शुद्धीवर आल्यावर तिने सासरचं नाव सांगितलंच नाही, आणि माहेरचं कुणी विचारलं नाही. "मले या नावानं कोणं बोलावलं?" हा तिचा पहिला प्रश्न.

सून जिवंत आहे, हे मी बाहेर जाऊन जमावाला सांगितलं. भाऊ रडला. बाकीचे थोडा वेळ घुटमळले आणि पांगले. पोराची माफी कुणी मागितली नाही. घरमालकाने त्याला खोली खाली करायला लावली.

ती कादंबरी नंतर मी वाचली. माझं मत पोरासारखंच झालं. पण त्या प्रकरणाने मला वाचकांबद्दलही काही शिकवलं. शेवटी खुनी सापडला की वाचकाला हायसं वाटतं. आमच्याकडे खुनी नव्हताच, आणि ते ऐकताना समोरच्या काही चेहऱ्यांवर मला चक्क निराशा दिसली. नोकरीत मी खरे खुनी पाहिले, पण इतका घाबरलो नव्हतो.