बेबीबाई आणि गायरानातले हिवर

बेबीबाईला झाड ओळखता येतं, पण कशावरून ओळखलं ते सांगता येत नाही. या एका गोष्टीपायी गेल्या फेब्रुवारीत मी जेवढी वैतागले, तेवढी चौतीस वर्षांच्या शिक्षिकेच्या नोकरीतही वैतागले नव्हते.

बेबीबाई जाधव आमच्या गावाशेजारच्या तांड्यावर राहते. वय साठीच्या पुढं. नक्की किती ते आधारकार्डालाही माहीत नाही; तिथं नुसतं एक जानेवारी आहे. नवरा गेल्यापासून, म्हणजे बावीस वर्षं, ती शेळ्या राखते. शेळ्यांच्या जिवावर तिनं दोन मुली उजवल्या, मुलाला शिकवलं. तिच्या सतरा शेळ्या एप्रिल-मेमध्ये गायरानातल्या हिवराच्या, म्हणजे एका देशी बाभळीच्या, पाल्यावर आणि शेंगांवर तगतात. दुसरं हिरवं काही उरतच नाही.

ग्रामपंचायतीनं गायरानातली वेडी बाभूळ मशीन लावून मुळासकट काढायचं ठरवलं. निर्णय चांगलाच होता, वेड्या बाभळीनं निम्मं गायरान गिळलं आहे. पण गुडघ्याएवढा हिवर आणि गुडघ्याएवढी वेडी बाभूळ शेजारी ठेवली तर दोन्हीकडं काटे आणि बारीक पानं. सदस्य प्रेमदास बेबीबाईचा पुतण्या. तो म्हणाला, "काकी, हिवर सोडून देऊ, पण मशीनवाल्याला कळंल कसं? सोमवारी मशीन येतंय, त्याच्या आत हिवरांना पांढऱ्या पट्ट्या बांधून ठेव."

बेबीबाईला पुसेगावला नातीच्या साखरपुड्याला जायचं होतं. म्हणून ती माझ्याकडं आली. "बाई, तुमी समदं लिवून ठिवता. एवढं करा."

"करते. पण हिवर ओळखायचा कशावरून?"

"दिसतंय की."

"काय दिसतं?"

"हिवर दिसतंय."

"अहो, पानावरून, सालीवरून, कशावरून तरी सांगाल ना?"

"बाई, मी आमच्या सुनंला, शितलला, कशावरून वळखते? तिचे दात मोजून राहिले का मी?" आणि ती एसटीला निघून गेली.

मी शिकले त्या मिशनच्या शाळेत सिस्टरांनी एक सवय लावली होती: अंदाज करू नका, मोजा. तांड्यावरच्या थावरा राठोडच्या बांधावर जुने, कुणीही दाखवावेत असे हिवर आहेत आणि वेडी बाभूळही आहे. त्र्याहत्तराव्या वर्षी, भर उन्हात, मी मोजपट्टी घेऊन चाळीस झाडांचे काटे मोजले. वहीत दोन रकाने केले. हिशेब अगदी स्वच्छ निघाला: हिवराचा काटा लांब आणि सरळ, वेड्या बाभळीचा आखूड. मग जुनं पांढरं पातळ फाडून मी गायरानात जिथं जिथं लांब काटा दिसला तिथं तिथं पट्टी बांधली. दोन दिवस लागले. हातावर एकशे दहा ओरखडे, तेही मोजले.

रविवारी दिवस मावळताना बेबीबाई परतली आणि वाटेतच थबकली.

"हे काय बांधलं, बाई?"

"हिवर."

"ही वेडी हाय. ती बी वेडी. अन् ही तर वेडीची आजी."

"काटा बघा ना! लांब आहे."

"सरपणासाठी तोडली की वेडी बाभूळ बुडातून फुटती, अन् फुटली की लांब काटे काढती. गायरानातली समदी तोडलेली हाय. अन् हिवराला कवा लांब काटा येतो, कवा बारीक."

"मग हे मला आधी काहून नाही सांगितलंत?" संतापाच्या भरात माझ्याही तोंडून 'का'ऐवजी इथलं 'काहून' निघालं.

"तुमी काटे इचारले का? तुमी हिवर इचारला."

सकाळी लवकर येऊन पट्ट्या बदलायच्या असं ठरलं. मशीन नऊला येणार होतं. ते साडेसहालाच आलं. आम्ही पोचलो तोवर एक पट्टा साफ झाला होता, आणि त्यात माझ्या पांढऱ्या पट्ट्या मिरवत वेड्या बाभळी तेवढ्या उभ्या होत्या. शेजारी उपटलेल्या हिवरांचा ढीग.

बेबीबाई सरळ मशीनपुढं जाऊन उभी राहिली. चालक फारुक वारंगा फाट्याचा. तो वरून ओरडला, "अम्मा, बाजू सरको! मेरेकू बोले, सफेद पट्टी छोडनेका. वैसाच करा मैं."

"पट्टीला लाव आग," ती म्हणाली, लुगडं खोचलं आणि त्याच्या शेजारी चढून बसली. "चल. हे ठिव. हे काढ. हे बी काढ. थांब, थांब, ते ठिव!"

दुपारपर्यंत असंच चाललं. मी लिंबाखाली बसून प्रत्येक झाड वहीत टिपत होते आणि दोघांत फरक काय ते शोधत होते. दुपारनंतर बेबीबाई गप्प झाली, कारण फारुक स्वतःच बरोबर काढू लागला होता. चहाला तो खाली उतरला तेव्हा मी त्याला गाठलं. "कशावरून ओळखतोस?"

"मालूम नै, मौसी. देखते-देखते हो जाता."

वही मिटावी की डोक्यात मारून घ्यावी, कळेना.

एकवीस हिवर गेले. मेमध्ये पाला पुरला नाही आणि बेबीबाईला दोन शेळ्या विकाव्या लागल्या. त्यातली एक गाभण होती. मी माफी मागायला तांड्यावर गेले.

"माफीचं काय करू?" ती म्हणाली. "वेडी पुन्हा उगवून राहिली. चला, उपटू लागा."

मी गेले. वाकून पहिलंच रोप धरलं, तर तिनं माझ्या मनगटावर चापट मारली.

"सोडा. हिवर हाय ते."