बाबीचा आवाज परत येताना

हे मी आजवर एका माणसाशिवाय कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. माझ्या जिवाभावाच्या मित्राला पॅरालिसिसचा झटका आला, त्याची उजवी बाजू लुळी पडली आणि डॉक्टर म्हणाले की वाचाही गेली आहे, तेव्हा वॉर्डच्या दाराशी उभ्या असलेल्या मला क्षणभर बरं वाटलं होतं. सुटलो, असं वाटलं होतं. तो क्षण कसा आला आणि त्याचं पुढे काय झालं, ते आता लिहून टाकतो.

बाबी आणि मी लालबागच्या एकाच चाळीत वाढलो. दोघांची गावं मालवणकडची, दोघांचे वडील गिरणीत. चाळ पाडून टॉवर झाला तेव्हा मला अकराव्या मजल्यावर जागा मिळाली, त्याला सातव्या. मी ऑफिसात साधा क्लार्क, पण बिल्डिंगमध्ये सगळे मला 'सर' म्हणायचे. कारण बारा वर्षं मी तळमजल्याच्या हॉलमध्ये रोज सकाळी सहाला योगाचा वर्ग घेत होतो, फुकट. कोणाची कंबर सुटी झाली, कोणाला शांत झोप लागायला लागली. लोक येऊन सांगायचे आणि मी हात जोडून म्हणायचो, सगळं त्याच्या कृपेने. मनात मात्र ते श्रेय मी स्वतःकडेच ठेवत होतो.

बाबी पहिल्या रांगेत बसायचा. त्याला ब्लडप्रेशर होतं. दोन वर्षं प्राणायाम केल्यावर त्याचे आकडे चांगले यायला लागले. एके दिवशी वर्ग संपल्यावर आम्ही दोघंच सतरंज्या गुंडाळत होतो. तो म्हणाला, "गुरुजी, आता ही गोळी कित्याक खाव रे? तूच सांग." तो मला गुरुजी म्हणायचा ते चिडवायला, पण त्या दिवशी मी ते खरं धरलं. "सोडून दी," मी म्हणालो. "इतको प्राणायाम करतस, आता गोळयेची काय गरज?" डॉक्टरला विचार, एवढे दोन शब्दही माझ्या तोंडून निघाले नाहीत. उलट दिवसभर मी खुशीत होतो, की आपल्या हातून एका माणसाची गोळी सुटली.

चार महिन्यांनी तो बाथरूममध्ये पडला. हॉस्पिटलात डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला, गोळ्या कोणी बंद केल्या? सुनंदावहिनी, म्हणजे बाबीची बायको, रडत म्हणाल्या, "कोण करणार, यांनीच. मला रोज सांगायचे, घेतली म्हणून. जन्मभर हट्टीपणा केलाय या माणसाने." मी त्यांच्या शेजारी उभा होतो. बाबी खाटेवरून माझ्याकडे बघत होता. त्याचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मी खाली बघितलं आणि गप्प राहिलो.

त्यानंतर मला जो थकवा आला तो झोपेने जाणारा नव्हता. काही दिवस वर्ग चालवला. शेवटच्या शवासनात मी नेहमीच्या आवाजात सांगायचो, आता सगळा भार जमिनीला द्या, डोळे मिटा. सगळे मिटायचे आणि मी उघड्या डोळ्यांनी पंख्याकडे बघत बसायचो. मिटले की वॉर्ड दिसायचा. सत्य आणि ईश्वरप्रणिधान, म्हणजे सगळं ईश्वरावर सोपवणं, हे दोन शब्द मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून समजावले होते. आता खडू हातात धरवेना. शेवटी गुडघ्याचं कारण सांगून वर्ग बंद केला. सातव्या मजल्यावर जाणंही कमी केलं.

मग एका संध्याकाळी वहिनीच वर आल्या. "भावजी, ती बोलायला शिकवणारी मॅडम म्हणते, शब्द येत नसले तरी सुरात म्हणताना कधीकधी आवाज निघतो. लांब स्वर म्हणवून घ्या, म्हणते. तुम्ही ॐकार घ्यायचात ना वर्गात? रोज अर्धा तास बसाल यांच्यासमोर? मी बसले की नुसते डोळे वटारतात. तीस वर्षं माझी बडबड ऐकली, त्याचं उट्टं काढतायत."

मी म्हणालो, बघतो. तीन आठवडे मी नुसतं बघतोच म्हणत राहिलो. कारण उघड होतं. बाबी बोलायला लागला, तर मी काय केलं ते सगळ्यांना कळणार होतं, आणि त्याला बोलतं करण्याचं काम माझ्याकडेच आलं होतं.

एका शनिवारी मी ठरवलं की वहिनींना आज स्पष्ट सांगायचं, दुसरं कोणी बघा. दुपारी बायकोने सांगितलेला साडीचा फॉल आणायला हिंदमाताच्या साडीबाजारात गेलो. फुटपाथवर अचानक श्वास अडकला. आत घेत होतो, पण तो जातच नव्हता. एका साडीच्या दुकानात काम करणारी बाई बाहेर आली, मला पायरीवर बसवलं आणि म्हणाली, "काका, घेऊ नका. आधी आतला सगळा बाहेर जाऊ द्या. माझ्या आईला दमा होता, मला माहितीये." बारा वर्षं मी लोकांना हेच शिकवलं होतं. त्या पायरीवर मला ते नव्याने ऐकावं लागलं. श्वास जरा लागल्यावर तिने विचारलं, "घरी कोणाला फोन लावू?" माझा मोबाइल घरी राहिला होता. बायकोचा नंबर आठवेना. तोंडातून जो नंबर निघाला तो बाबीच्या घरचा होता. असं का झालं, यावर मी वाद घालत नाही. (पुढे त्या बाईंना पेढे द्यायला गेलो, तर त्यांना मी आठवेना. "रोज कोणी ना कोणी इथे बसतं हो," म्हणाल्या.)

वहिनी टॅक्सी करून आल्या. "गुडघा दुखतो ना तुमचा? मग हिंदमातापर्यंत कसे आलात तरंगत?" म्हणत मला घेऊन गेल्या. बायको कामावर होती, म्हणून त्यांच्याच घरी नेलं. बाबीच्या समोरच्या खुर्चीत बसवलं आणि चहा करायला आत गेल्या.

बाबी माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने डावा हात उचलला आणि माझ्या पोटावर ठेवला. वर्गात मी असाच हात ठेवायचो, श्वास खालपर्यंत जातोय की नाही ते बघायला. तो थांबला. माझं पोट हललं तसा त्याच्या घशातून आवाज निघाला, खरखरीत, लांब. ओ... म्हणून सुरू झालेला, शेवटी ओठ मिटून संपलेला. वहिनी चहाचं गाळणं हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या. मी डोळे मिटले आणि त्याच्या मागोमाग म्हटलं. कित्येक महिन्यांनी श्वास तळाशी गेला.

सोमवारपासून मी ऑफिसआधी रोज बसायला लागलो. ॐकार, मग वारांची नावं, मग आरतीच्या ओळी. त्याचा प्रत्येक नवा शब्द आला की आनंद व्हायचा आणि आता हा सगळं सांगणार, अशी भीतीही वाटायची. जिना उतरताना मी गावच्या रवळनाथाला एवढंच म्हणायचो, त्याचं पहिलं पूर्ण वाक्य माझ्याबद्दल असलं तरी असू दे, पण येऊ दे. यापुढे काही मागायचं मला उरलं नव्हतं.

असे सहा-सात महिने गेले. एका सकाळी वहिनी भाजीला गेलेल्या असताना मी त्याला सांगितलं. गोळी मी बंद करायला लावली, हॉस्पिटलात मी गप्प बसलो आणि तुझी वाचा गेली तेव्हा मला बरं वाटलं. तिन्ही सांगितलं.

"माका... म्हायत आसा," तो म्हणाला. मग, "दोन म्हयने... बोलूक येता. तू सांगशीत... म्हणान... गप रवलंय." आणि वाकड्या तोंडाने हसून, "येडो."

दोन महिने तो मला अडकवू शकत होता, तरी मी सांगेन म्हणून तो वाट बघत होता. मी रडलो. त्याने टॉवेल माझ्याकडे ढकलला.

वर्ग पुन्हा सुरू केला आहे. पहिल्याच दिवशी सांगतो, डॉक्टरला विचारल्याशिवाय कोणीही गोळी बंद करायची नाही, आणि मला सर म्हणायचं नाही. मी अजून थकतो, पण शवासनात आता डोळे मिटतात. भार आपल्याला पेलत नाही हे कबूल केलं, की तो उचलणारा जवळच असतो, एवढं मला कळलं. हे कळायला बाबीचं अर्धं अंग लुळं पडलं, याची लाज मरेपर्यंत राहील.

वहिनी अजूनही बाबीला हट्टी म्हणतात आणि मला देवमाणूस. त्यांच्यासमोर बसून हे सगळं सांगणं अजून माझ्याकडून बाकी आहे.