मीटरचं पाणी

ग्लास ओठाला लागला होता. मॅनेजरसाहेबांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि पाणी मोरीत ओतलं. मग ग्लासही कचऱ्याच्या डब्यात टाकला. स्टीलचा, चांगला धड ग्लास.

"हे पाणी तुझ्यासाठी नाही, मीटरसाठी आहे," ते म्हणाले. "तुम्हा लोकांना बाहेर बोअरचा नळ दिलाय ना?"

तुम्हा लोकांना. ऑफिसातले सगळे माना खाली घालून बसले. मी "सॉरी सर" म्हणालो. त्या ग्लासापेक्षा त्या सॉरीची लाज मला जास्त वाटते, आजही.

मीटर म्हणजे काय ते सांगतो. सातपूरला आमचा प्लेटिंगचा कारखाना. नळाच्या तोट्या चमकवायच्या आणि उरलेलं ॲसिडचं, धातूचं पाणी शुद्ध करूनच बाहेर सोडायचं, असा कायदा. ते शुद्ध करणारं यंत्र सांभाळायला मी. बी.एस्सी. केमिस्ट्री, आमच्या वस्तीतला पहिला पदवीधर. बाहेर जाणाऱ्या पाण्यात एक मीटर बुडवलेलं असतं. पाणी किती घाण, त्याचे आकडे थेट सरकारी कचेरीतल्या पडद्यावर दिसतात. कागदावर बंदोबस्त चोख. आमच्याकडे मात्र यंत्र बहुतेक वेळ बंद. पाणी तसंच नाल्यात. आणि मीटर एका प्लास्टिकच्या बादलीत. बादलीत ऑफिसच्या फिल्टरचं पाणी.

ते पाणी रोज सकाळी मीच बदलायचो. तेवढ्यावर थांबलो असतो तरी बरं. पण फिल्टरच्या पाण्याचे आकडे दिवसभर एका रेषेत येतात, कुणालाही संशय येईल. म्हणून मी त्यात चिमूटभर खायचा सोडा टाकायचो, दुपारी थोडी माती. आकडे हलायचे, खरे वाटायचे. साहेब म्हणायचे, "डोकं आहे पोराला." आणि मला बरं वाटायचं. शिकलो त्याचं मी हे केलं.

ग्लास ओतला त्या संध्याकाळी घरी गेलो. आमची वस्ती नदीकाठी, गावाच्या खालच्या अंगाला. आजोबांच्या काळी वरच्या घाटावर पाणी भरायची आम्हाला बंदी. गावानं वापरून खाली सोडलेलं ते आमचं. आता बंदी उठली, पण पाणी अजून लोकांनी वापरलेलंच येतं. सातपूरचा नाला वरच नदीला मिळतो. आई दुसऱ्याच्या मळ्यात मेथी काढते, जुड्या नदीत धुते. तिच्या बोटांच्या बेचक्यात चिरा पडल्या होत्या. ती खोबरेल चोळत बसली होती.

"लय आग होती रं," ती म्हणाली. "तू शिकलेला हाय. तुमच्या कंपनीत यावर काय औषध नाय का?"

तुमच्या कंपनीत. मी भरल्या ताटावरून उठलो.

दुसऱ्या दिवशी बादली ओतून दिली. मीटर उचललं आणि बाहेर जाणाऱ्या पाण्यात सोडलं. आकडे लाल झाले. साहेब धावत आले.

"काय केलंस?"

"मीटर जागेवर ठेवलं, सर."

"नालायका! तुला इथं आणून माणूस केलं आम्ही."

माणूस केलं म्हणे. सोडा टाकणारा गडी केला. मी डबा उचलला आणि गेटबाहेर पडलो.

वाटलं, लाल आकडे बघून कुणीतरी येईल. आठवडा गेला. कुणी आलं नाही. मग नाल्याच्या तोंडाशी मी बाटली भरली आणि कचेरीत गेलो. बाबूनं पट्टीनं ढकलत ती टेबलाच्या कडेला सरकवली.

"त्या कंपनीचं पत्र आलंय, मीटर बिघडलंय म्हणून. आणि तुम्ही आणलेला नमुना चालत नाही. आमच्या माणसानं घेतलेला लागतो."

"मग माणूस पाठवा."

"माणसं कमी आहेत."

चार खेपा झाल्या. कचेरीतले साहेब मीटिंगला. साहेब दौऱ्यावर. अर्जाचा नमुना बदलला. बाटलीच्या तळाशी हिरवट गाळ बसत गेला. पूर्वी आम्ही पाण्याला हात लावायचा नाही, आता मी नेलेल्या पाण्याला हे हात लावत नाहीत. डोकं फिरायचं. पण ओरडणार कुणावर? खुर्ची रिकामी.

पाचव्या खेपेला अर्जच बदलून नेला. त्यात बादली लिहिली. सोडा लिहिला, माती लिहिली. कुणी करायला सांगितलं ते लिहिलं, आणि कुणी केलं तेही. खाली सही केली. बाबूनं वाचलं आणि पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"अहो, यात तुम्हीच अडकाल. पहिला गुन्हा तुमच्यावर लागेल."

"लागू द्या. पहिलं नाव माझंच लिहा. पण त्याच्याखाली दुसरं नाव लिहून शिक्क्याची पोच दिल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

आणि बाटली उचलून मी त्याच्या टेबलाच्या मधोमध ठेवली.